फॉल्ट मीच काढणार

२ मार्च, सकाळ

आजपासून रोज लिहायचे. या गॅरेजमध्ये खरे काम कोण करते याची कुठेतरी नोंद हवी. धाकट्याच्या डोक्यात ती नाही.

गॅरेज आम्हा दोघा भावांचे, हाताखाली कामाची पोरे आहेत. इलेक्ट्रिकचे काम माझे. धाकटा इंजिन बघतो आणि गोड बोलतो. गेल्या वर्षीपासून त्याची मुलगी कामाला येते. कॉलेजात गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक्स शिकून आली आहे. मी तिला मॅडम म्हणतो. टोमणा आहे हे तिच्या लक्षात येत नाही. ती मला काका म्हणते आणि हसते.

आज चहा पिता पिता धाकटा म्हणाला, दादा, पुढच्या महिन्यापासून तू काउंटरला बस, गिऱ्हाईक तुझं ऐकतं, इलेक्ट्रिकचं ती बघेल. हे बोलताना माझ्याकडे न बघता कपाकडे बघत होता. म्हणजे बापलेकीचे आधीच ठरले आहे. काउंटर म्हणजे काय? एक फिरती खुर्ची, एक प्लास्टिकचे झाड आणि चाव्या टांगायचा बोर्ड. लोकांना या बसा म्हणायचे आणि चावी खिळ्याला लावायची. ज्या माणसाने या गॅरेजची पहिली वायर ओढली त्याने!

मी म्हटले, दातांच्या डॉक्टरांची पांढरी गाडी आज आली आहे. तिचा फॉल्ट मी काढतो. काढला, तर काउंटरचा विषय कायमचा बंद. नाही निघाला, तर मुकाट खुर्चीत बसतो. धाकटा लगेच हो म्हणाला. थोडे आढेवेढे घेतले असते तर बरे वाटले असते.

२ मार्च, दुपार

गाडी पाहिली. चालता चालता वायपर आपोआप सुरू होतात. स्पीडचा काटा धावत्या गाडीत शून्यावर पडतो. मनात आले की दारे लॉक होतात. परवा डॉक्टर सिग्नलला आत अडकले आणि मागच्यांचा हॉर्न ऐकत बसले.

मॅडमने समजावले की या गाडीत ब्रेकचा, दारांचा, मीटरचा असे छोटे छोटे कॉम्प्युटर असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. ते सगळे दोन बारीक वायरींवरून एकमेकांना निरोप पाठवतात. निरोप मध्येच अडकला की असा गोंधळ होतो. मी ऐकून घेतले. पाहुण्यांसमोर लहान मूल कविता म्हणते तेव्हा ऐकतो तसे.

माझे निदान: बॅटरी.

३ मार्च

बॅटरी बदलली. गाडी झकास सुरू झाली. डॉक्टरांना फोन करून बोलावले. ते बसले, गेटपर्यंत गेले आणि गेटपासून चालत परत आले. वायपर सुरू होते.

याला अपयश म्हणता येणार नाही. एक शक्यता कमी झाली. जुनी बॅटरी आपणच गेल्या महिन्यात नवी घातली होती, अशी माहिती मॅडमने दिली. कोणी विचारले नव्हते.

५ मार्च

आज स्कॅनर लावला. यंत्रावर माझा विश्वास नाही, पण यंत्राला माझ्याबद्दल तसे वाटू नये. मीटर म्हणतो ब्रेकच्या मॉड्यूलशी संपर्क नाही. इंजिन म्हणते ब्रेकशी संपर्क नाही. दारेसुद्धा तेच म्हणतात. सगळ्यांची तक्रार एकट्या ब्रेकवर. घरोघरी हेच असते. सगळे ज्याच्या नावाने खडे फोडतात तो बहुधा एकटाच राबत असतो.

तरीही ब्रेकचे मॉड्यूल बदलायचे ठरवले. भावना वेगळी, व्यवसाय वेगळा. मॅडम म्हणाली, काका, आधी वायरी तपासू या का? मी म्हटले, आधी लगीन लावू, मग पत्रिका बघू. हे उलटे झाले हे नंतर लक्षात आले, पण तोवर ती गेली होती.

५ मार्च, संध्याकाळ

भंगारवाल्याकडून सेकंडहँड मॉड्यूल आणून बसवले. गाडी त्याला ओळखत नाही म्हणे. नव्या सुनेलाही पहिल्या दिवशी घर ओळखत नाही. थोडे थांबू.

थांबलो. नाही ओळखले. जुनेच परत बसवले. मीटरवर आधी दोन दिवे लागत होते, आता चार लागतात.

६ मार्च

स्कॅनर बंद. आजपासून फक्त माझा टेस्ट लॅम्प. होल्डरला बल्ब, बल्बला वायर, वायरीला सुई. मी स्वतः बनवलेला. वायरीला सुई टोचायची, बल्ब लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही. यापलीकडे इलेक्ट्रिकमध्ये काही नसते. बाकी कॉलेजांची फी.

निरोपाच्या त्या दोन वायरींना सुई टोचली. बल्ब लागला नाही. मीटर मात्र काळा पडला, रेडिओ बंद झाला, आणि डिकी उघडली. म्हणजे मी फॉल्टच्या अगदी जवळ पोहोचलो आहे.

मॅडम म्हणाली, काका, या वायरींना बल्बचा भार सोसत नाही, त्यांच्यातून फार थोडा करंट जातो. हळू आवाजात म्हणाली. दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. हे मला सहन होत नाही. पोरीने तोंडावर उलट उत्तर दिले असते तर दोन शब्द सुनावता आले असते. सांभाळून घेणाऱ्या माणसाचे काय करायचे?

घरी सौ. म्हणाली, अहो, बसा ना काउंटरला. पाठ दुखते तुमची. परवा तपकिरी शर्टावर हिरवी पँट मॅचिंग म्हणून घालून गेलात. मी सांगितले की कपाटाजवळ उजेड कमी आहे. गॅरेजमध्येही डॅशबोर्डखाली उजेड कमी असतो. तपकिरी वायर कोणती आणि हिरवी कोणती हे तिथे कोणालाच सांगता येणार नाही. मॅडमला येते, पण तिचे वय काय!

८ मार्च

रविवार असून गेलो. गॅरेजला कुलूप, मी आणि गाडी. मॅडमने सांगितले होते की बॅटरी काढून त्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा, साठ यायला हवा. बॅटरी काढून? पेशंटची नाडी पेशंट जिवंत असताना बघतात. मी बॅटरी ठेवूनच मोजला. आकडा एका जागी थांबेना. एकदा चाळीस, एकदा तीनशे, एकदा नुसती रेघ. शेवटी सगळ्यांची सरासरी काढली. साठच्या जवळपास आली. म्हणजे माझा मोजायचा मीटर ठीक आहे.

संकल्प: उद्यापासून चहा कमी. आकडा हलतो तो चहाने.

९ मार्च

सापडले. हा दिवस लिहून ठेवण्यासारखा आहे.

डॅशखालचे कव्हर काढले तर त्या दोन वायरी एकमेकींना पीळ घालून बसलेल्या! वेणी घालावी तशा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढी मोठी कंपनी आणि कामात ही बेफिकिरी. मी आयुष्यभर सांगत आलो, वायर भांग पाडल्यासारखी सरळ पाहिजे. गुंता तिथे फॉल्ट. दिवसभर खपलो. टोके कापली, सगळा पीळ उलगडला, वायरी सरळ केल्या, जोडांना सोल्डरचे डाग दिले आणि इंजिनवर फिरून करंट तयार करणाऱ्या अल्टरनेटरच्या जाड केबलला चिकटून टायने बांधल्या. काय देखणे काम झाले आहे. फोटो काढावा असे.

धाकट्याला आणि मॅडमला बोलावून दाखवले. मॅडमने पाहिले, तोंड उघडले, बापाकडे पाहिले आणि तोंड मिटले. धाकटा म्हणाला, दादा, सफाई तुझ्या हाताची. अगदी मनापासून म्हणाला. मग दोघे बाहेर जाऊन बराच वेळ उभे होते. जळत असतील.

घरी सांगितले. सौ. म्हणाली, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी म्हटले, चूक, पीळ आजच काढला. हसली नाही. तिला इलेक्ट्रिकमधले कळत नाही.

१० मार्च

इंजिन बंद असताना सगळे उत्तम. इंजिन सुरू केले की वायपर, हॉर्न, दारे, आतला दिवा, सगळे एकदम.

नेमके डॉक्टर आले होते. त्यांनी विचारले, ही सुधारणा समजायची का? मी शांतपणे सांगितले की आधी फॉल्ट कधीतरी यायचा, आता हमखास येतो, आणि हमखास येणारा फॉल्ट पकडायला सोपा. डॉक्टर जरा विचार करून म्हणाले, आमच्याकडेही अधूनमधून ठणकणाऱ्या दाढेपेक्षा सतत ठणकणारी बरी, पण ठणका आम्ही लावत नाही. दाढा काढणाऱ्या माणसाने असे बोलावे!

सध्या बसने येतात-जातात. म्हणाले, चालणं होतं, बरं वाटतं. बरे वाटणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

१२ मार्च

धाकटा म्हणाला, दादा, डॉक्टर गाडी दुसरीकडे न्यायची म्हणतायत, शनिवारपर्यंत थांबवलंय त्यांना. काउंटरचे नाव काढले नाही. काढायची गरजही नव्हती. फिरत्या खुर्चीला आज नवी गादी लावलेली दिसली. माझ्या पाठीचा विचार करून, असे कोणीतरी म्हणाले. मला त्या गादीचा फार राग आला.

दुपारी डॅशखाली आडवा होऊन, डोळे मिटून विचार करत होतो. पायाला कोणाचा तरी हात लागला. वाटले, पोरीला उशिरा का होईना अक्कल आली, पाया पडते आहे. ती मला जेवायला उठवत होती.

रात्री झोप नीट लागत नाही. फॉल्ट निघेल. निघायलाच हवा. मी खुर्चीत बसणार नाही. खुर्चीत बसलेला इलेक्ट्रिशियन म्हणजे चाव्यांचा खिळा. हे कोणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहितो.

१३ मार्च

ऐन मोक्याच्या दिवशी धाकट्याने मला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवले. एक खास फ्यूज तिथेच मिळतो म्हणे, आणि तूच जा दादा, दुसऱ्या कोणाला गंडवतील. हे मात्र खरे.

दुकानदार विचित्र निघाला. फ्यूजचे नाव ऐकून गोंधळला, मग कोणाला तरी फोन लावला, मग एकदम अदबीने बसा म्हणाला. चहा दिला. माल गोडाऊनमधून येतोय म्हणाला. पुन्हा चहा दिला. जेवणार का विचारले. दिवस मावळायच्या बेताला एक साधा फ्यूज हातात ठेवला. असली दुकाने चालतात कशी!

गॅरेजला परत आलो तर मॅडम हात धूत होती. कोपरापर्यंत काळी झालेली. इंजिनचे काम बापाने करायचे आणि हात मुलीने काळे करायचे. असो. उद्या शनिवार.

१४ मार्च

काढला. फॉल्ट काढला. मीच काढला.

सकाळी गाडी सुरू केली. वायपर गप्प. दारे गप्प. फक्त ब्रेकचा दिवा आणि काटा शून्यावर. रात्रीतून फॉल्ट निम्मा नमला होता. माझ्या नेटापुढे कंटाळला असावा. धाकटा पलीकडे उभा होता, म्हणाला, दादा, ब्रेकच्या मॉड्यूलमागे एकदा हात घालून बघतोस का? मीही तेच करणार होतो. बॉनेट उघडले, हात घातला, आणि मॉड्यूलचा कनेक्टर अलगद हातात आला. निसटलेला! इतके दिवस सगळे स्कॅनर घेऊन नाचले आणि एक कनेक्टर कोणाला दिसला नाही. आत दाबला. टक् आवाज झाला. इंजिन सुरू केले. काटा हलला, दिवा गेला, सगळे शांत.

सगळ्या गॅरेजने टाळ्या वाजवल्या. त्याआधी कोणाचीच हातोडी चालत नव्हती, सगळे माझ्याकडेच बघत होते. मॅडम म्हणाली, काका, आम्हाला दिसलंच नसतं. धाकट्याने पाठीवर हात ठेवून सांगितले, तो काउंटरचा विषय संपला दादा. त्याचे डोळे भरले होते. भावाचे मन शेवटी भावाचेच.

संध्याकाळी डॉक्टर गाडी घेऊन गेले. मी त्यांना कनेक्टरचे महत्त्व समजावले. ते नुसते मान हलवत होते.

संकल्प: रविवारी मॅडमला तासभर शिकवायचे. फी नाही. शिक्षण शिक्षण म्हणतात, पण शेवटी हात लागतो तो लागतो.

१९ मार्च

डॉक्टर आले. गाडी उत्तम, पण आत दमट वास येतो म्हणाले. मग म्हणाले, साहजिक आहे, पुढच्या काचेच्या कडेने पाणी गळून कार्पेटखाली साठलं होतं ना, तुमची पुतणी शुक्रवारी फोनवर म्हणाली. त्या पाण्याने आतला जोड सडला होता, तो तिने नवा केला. दोन्ही वायरी बदलल्या. इंजिन चालू करून मला फोनवर ऐकवलं. मी लगेच न्यायला निघालो होतो, पण तुमचे भाऊ म्हणाले, शनिवारी या, दादांचा एकदा हात फिरू दे.

दातांचे डॉक्टर. वार लक्षात राहिला नसेल. मी म्हटले, चला, तुम्हाला माझे वायरिंग दाखवतो. डॅशखालचे कव्हर काढले.

माझ्या सरळ वायरी नाहीत. जाड केबलपासून लांब, नव्या वायरींची नवी जोडी. कंपनी घालते तशी पीळ घातलेली, शेजारच्या करंटचा गोंधळ निरोपात शिरू नये म्हणून. पीळ सारखा, एकही वळण सैल नाही. वर टेप. तिचा हात चांगला आहे, हे मला तिथे आडव्या अंगाने मान्य करावे लागले.

मग बॉनेट उघडून तो कनेक्टर पाहिला. त्याला खटका असतो. खटका दोन बोटांनी दाबायचा, वरची दांडी ओढायची, तेव्हा तो निघतो. गाडी दरीत पडली तरी आपोआप निघत नाही. निसटलाच तर खटका तुटलेला असतो. खटका पाहिला. शाबूत होता. शनिवारी मी हे पाहिले नव्हते. टाळ्या चालू होत्या.

डॉक्टरांना म्हटले, सगळे ठीक आहे, कार्पेट उन्हात टाका.

१९ मार्च, संध्याकाळ

सौ.ला सांगितले. वाटले, ती चिडेल त्यांच्यावर. ती म्हणाली, अहो, एवढं केलं ते तुमच्यासाठीच ना.

म्हणजे हिलाही माहीत होते.

मी विचारले, ही पहिलीच वेळ का? दिवाळखोर झालेल्या वकिलाच्या गाडीच्या सेल्फ-स्टार्टरचा फॉल्ट मी एका मिनिटात काढला होता, ते? शाळेच्या व्हॅनचे दिवे? ती म्हणाली, दोरीवरचे कपडे काढून आणते. घेऊन आली. कपडे अजून ओले होते.

वाईट वाटले. फार वाईट वाटले. फॉल्ट निघाला नसता तर इतके वाटले नसते.

२० मार्च

निश्चय. उद्या धाकट्याला तोंडावर सांगायचे. मला सगळे कळले आहे. दया नको. मी होऊन काउंटरला बसतो, मानाने बसतो, पुन्हा हे नाटक नको. आरशासमोर म्हणून पाहिले. चांगले जमते. आवाज चढवायचा नाही. पोरीला शाबासकी द्यायची. तेवढे मोठेपण माझ्यात आहे.

२१ मार्च

लवकर गेलो. धाकटा दारातच भेटला. मी तोंड उघडले तेवढ्यात म्हणाला, दादा, बरं झालं आलास, ही निळी गाडी आलीये, हॉर्न नाही, दिवे नाहीत, आमचं तर डोकं चालेना. मॅडम स्कॅनर हातात धरून उभी होती. म्हणाली, काका, खरंच काही कळत नाहीये. खोटे बोलायची सवय नाही तिला. कानापर्यंत लाल झाली होती.

तेव्हाच सांगायचे होते. पण दोघांचे चेहरे बघितले आणि डॅशखाली आडवा झालो.

शोधावे लागलेच नाही. कनेक्टर डोळ्यांसमोर लोंबत होता, माझा उजवा हात जिथे जातो तिथेच. खटका शाबूत. मला दिसावा म्हणून कोणीतरी टॉर्च पेटवून त्यावर प्रकाश पडेल असा अडकवून ठेवला होता.

बाहेर एकाही हत्याराचा आवाज नव्हता. सगळे वाट बघत होते. आठवून ठेवलेले वाक्य एकदा मनात म्हटले. मग कनेक्टर दाबला आणि ओरडून सांगितले, सापडला.

टाळ्या झाल्या. मीही हसलो. धाकटा म्हणाला, दादा, तुझ्याशिवाय हा कोणाला सापडलाच नसता.

खरे आहे. दुसऱ्या कोणासाठी तो ठेवलेलाच नव्हता.